संपूर्ण नक्षी कुठे असते?

घरगुती भरतकाम यंत्राच्या लहान चौकटीत सुईला फिरायला १० सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद जागा मिळते. ब्लाउजच्या पाठीवर पिसारा पसरलेला मोर काढायचा, तर तो सहज याच्या तिप्पट होतो. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या मोराचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल करायची, कापड चौकटीतून काढून पुन्हा ताणायचे आणि दुसरा तुकडा पहिल्याला असा भिडवायचा की सांधा दिसू नये. हे काम संगणकाने आणले, त्याआधी ते नव्हतेच, अशी समजूत सर्रास आढळते. ती मला चुकीची वाटते. हाताच्या आवाक्यातल्या लहानशा जागेतून मोठी नक्षी उभी करणे हा वस्त्रकलेतला फार जुना प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरांचा इतिहास मुख्यतः यंत्रे मोठी होत गेल्याचा नाही. कामाच्या वेळी संपूर्ण नक्षी कुठे असते, ही जागा त्यात बदलत गेली आहे. ती कधी विणकराच्या डोक्यात होती, कधी प्रत्यक्ष कापडावर, कधी आलेखाच्या कागदावर, कधी पुठ्ठ्यांच्या माळेत; आता ती फाइलमध्ये आहे. ती जिथे असते तिथे कौशल्य गोळा होते, आणि कापडापासून ती जितकी दूर जाते तितका सांधा अवघड होतो. मनमाड आणि त्याच्या शेजारचे येवले एकत्र धरले, तर हा बदल एका छोट्या टापूत वाचता येतो.

मनमाड हे विणकरांचे गाव नव्हे. त्याचे आजचे रूप रेल्वेने घडवले. मुंबईहून भुसावळकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० च्या दशकात इथून गेला. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून औरंगाबादमार्गे आलेली मीटरगेजची गाडी इथे येऊन थांबू लागली. दोन रुळांमधले अंतर वेगळे असल्याने मराठवाड्याचा माल मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे, आणि ही स्थिती १९९० च्या दशकातल्या रुंदीकरणापर्यंत राहिली. आपल्या विषयाशी या तिन्हींपैकी दौंडचा मार्ग सर्वांत जवळचा. मनमाड सोडले की अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यांखालून तो पंचवीसेक किलोमीटरवरच्या येवल्याला पोहोचतो, आणि येवले हे तेव्हाही रेशीम व जरीचे गाव होते. येवल्याचा पेठ म्हणून जम बसवणारे रघोजी नाईक यांनी बाहेरून कारागीर व व्यापारी आणून वसवले आणि रेशमाच्या धंद्याचा मक्ता त्यांना दिला, असा इतिहास सांगितला जातो. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये येवल्याचे रेशीम आणि जर यांना स्वतंत्र व सविस्तर जागा मिळाली आहे. त्या काळी जर करणे हे एकट्याचे काम नव्हते. चांदीच्या कांबेला सोन्याचा मुलामा देणारा, ती भोकाभोकांतून ओढून केसासारखी तार काढणारा, तार चपटी करणारा आणि ती रेशमावर चढवणारा असे निरनिराळे हात तिच्यामागे होते. कच्चे रेशीम मुंबईच्या बाजारातून येई, तयार वस्त्र पुणे-मुंबईकडे जाई, आणि १८७८ नंतर या ये-जा करणाऱ्या मालाला मनमाडपर्यंत रेल्वेची वाट मिळाली.

या वस्त्रातली नक्षी कशी उभी राहते हे नीट पाहिल्याशिवाय पुढचे काहीच पटणार नाही, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. हातमागावरच्या अस्सल पैठणीच्या पदरात आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जात नाही. मोराच्या मानेचा निळा, चोचीचा लाल, पानाचा हिरवा असे प्रत्येक रंगाचे रेशीम वेगळ्या छोट्या कांडीवर, म्हणजे तिल्लीवर, गुंडाळलेले असते. ती तिल्ली आपल्या रंगाच्या हद्दीपुरतीच जाते आणि परत फिरते. हद्दीवर शेजारच्या रंगाचा धागा भेटतो, तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून घ्यायचे असतात. ते अडकवले नाहीत तर त्या रेषेवर कापडाला उभी फट पडते. कडियल काठात हेच मोठ्या प्रमाणावर होते: दोन काठांना आणि मधल्या अंगाला मिळून तीन धोटे चालतात, आणि काठ जिथे अंगाला मिळतो तिथे दर आडव्या धाग्याला गाठभेट घडवावी लागते. म्हणजे पैठणीचा पदर शेकडो लहान लहान तुकड्यांचा बनलेला असतो. पदराच्या कोणत्याही एका ओळीत आठ-दहा तिल्ल्या एकाच वेळी आपापल्या हद्दीत काम करत असू शकतात. म्हणूनच तो पदर उलटा केला तरी नक्षी तितकीच स्वच्छ दिसते. मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. बांगडी मोर, मुनिया, असावलीची वेल, अजंठा कमळ हे सगळे नमुने या तुकडेजोड पद्धतीला मानवतील असेच घडलेले आहेत. त्यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात, कारण पायरीवर धागा अडकवणे सोपे आणि पक्के होते. इथे संपूर्ण नक्षी विणकराच्या स्मरणात किंवा मागाशेजारच्या आलेखावर असते, पण ती कापडापासून तुटलेली नसते. कापड आणि नक्षी एकाच क्षणी जन्माला येतात, त्यामुळे चूक झाली तर ती त्याच ओळीत दिसते आणि तिथेच उसवून सुधारता येते. मोठ्या नक्षीच्या प्रश्नाला माणसाने दिलेल्या उत्तरांत हे मला सर्वांत पूर्ण उत्तर वाटते. त्याची किंमत वेळाने मोजावी लागते. एका पैठणीला महिना लागतो, आणि भरगच्च पदराला वर्षही लागू शकते.

ही किंमत कमी करण्याचा मार्ग लियाँ शहरात सापडला. जोसेफ मारी जकार याने १८०४ च्या सुमारास माग असा रचला की नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत साठवता येईल. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा, एक भोक म्हणजे उचलला जाणारा एक उभा धागा. त्याच्याच नावाने ओळखले जाणारे हे जकार्ड पुढे भारतभर हातमागांवर बसले, आणि येवल्यातही ब्रोकेड पद्धतीच्या साड्यांसाठी ते वापरले जाते. त्याचा हिशेब सोपा आहे. जकार्डला उभे धागे उचलणारे ४०० हूक असतील आणि कापडात इंचाला ८० उभे धागे असतील, तर स्वतंत्र नक्षीची रुंदी ५ इंच होते. त्यापुढे तीच नक्षी पुन्हा येते. १० इंच उंचीच्या नक्षीला, इंचाला ८० आडवे धागे धरले तर, ८०० पुठ्ठे लागतात. म्हणजे जकार्डने वेग दिला आणि त्याच्या बदल्यात एक चौकट घातली; ५ इंचांपलीकडची एकसंध नक्षी हवी असेल तर हूक वाढवा किंवा पुनरावृत्ती पत्करा. शिवाय नक्षीत न लागणारा धागा मागच्या बाजूने तरंगत जातो, त्यामुळे पदराची उलटी बाजू सुलटीसारखी राहत नाही. संपूर्ण नक्षी आता आलेखावर चौकोन रंगवणाऱ्याकडे आणि पुठ्ठे पंच करणाऱ्याकडे गेली. मागावर बसलेला माणूस ती न जाणताही विणू शकतो.

हा बदल येवल्यासारख्या ठिकाणी का मानवला, याचे माझे उत्तर बाजारपेठेच्या अंतरात आहे. गिऱ्हाईक गावात किंवा सरदाराच्या वाड्यात असते, तेव्हा प्रत्येक वस्त्र वेगळे असणे हाच त्याचा मान असतो. गिऱ्हाईक रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला असते, तेव्हा दुकानदाराला मागच्या वेळेसारखाच पदर पुन्हा हवा असतो. तसाच पुन्हा करायचा तर नक्षी स्मरणाबाहेर कुठेतरी लिहून ठेवावी लागते. यावर रास्त आक्षेप असा की नक्षीची नोंद ठेवणे रेल्वेच्या कितीतरी आधीचे आहे. बनारसचे नक्षबंद जकार्डपूर्वीही दोऱ्यांची जाळी बांधून नक्षी साठवत, आणि ती एका मागावरून दुसऱ्यावर नेता येई. हे खरे आहे, आणि म्हणून रेल्वेने नोंद जन्माला घातली असे मी म्हणत नाही. तिल्लीने विणल्या जाणाऱ्या पैठणीला अशा बांधलेल्या नोंदीवाचून चालत होते; दूरच्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या मागणीपुढे ते चालणे कठीण झाले, एवढाच माझा दावा आहे.

भरतकामाकडे वळले की एक साधी गोष्ट समोर येते, आणि मला वाटते ती या साऱ्या इतिहासाचा कणा आहे. शिलाई मशीन घरोघरी पोहोचल्यावर गावोगावच्या बाया आणि शिंपी तिच्यावरच भरतकाम करू लागले. मशीनचे पाऊल काढायचे, खालचे दाते झाकायचे, लाकडी रिंगमध्ये कापड ताणायचे आणि ती रिंग दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायची. रिंग वीतभर व्यासाची. साडीभर वेल काढायची तर ती पन्नास वेळा सोडून पुढे सरकवावी लागते. तरीही या कामात तुकडे जुळत नाहीत अशी तक्रार होत नसे, कारण कामाला हात घालण्याआधीच संपूर्ण नक्षी कापडावर उतरलेली असे. बटर पेपरवर नक्षी काढून तिच्या रेषांवर टाचणीने भोके पाडायची, हा खाका कापडावर पसरायचा, आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने त्यावर फिरवायची. भोकांतून ठिपके उतरतात आणि रेषा उमटते. आरीचे आणि जरदोजीचे कारागीर आजही असेच करतात. रिंग कुठेही लावली तरी सुईला वाट दिसते. कापड थोडे ओढले गेले तर रेषाही कापडाबरोबर ओढली जाते, आणि हात तिच्यामागे जातो. खाका कितीही मोठा असू शकतो, चौकट कितीही लहान असू शकते; दोघांचा एकमेकांशी संबंधच उरत नाही.

युरोपात भरतकामाचे यंत्र झाले तेव्हा नक्षी आणि कापड यांचा हा संबंध तुटला. १८२८ च्या सुमारास म्युलहाउसच्या जोस्युए हाइलमान याने असे यंत्र बनवले ज्यात कामगार सहापट मोठ्या काढलेल्या चित्रावर काटा फिरवतो आणि त्याला जोडलेली चौकट तितक्याच प्रमाणात लहान सरकते. समोरच्या साऱ्या सुया तोच टाका घालतात. चित्र भिंतीसारख्या उभ्या फळीवर, कापड दुसरीकडे. नक्षी कापडावरून उठून बाजूला गेली ती इथे. १८६३ मध्ये सेंट गालेन प्रांतातल्या इझाक ग्रोब्लीने दोन धाग्यांचे शिफली यंत्र काढले, आणि १८९८ मध्ये त्याच्या मुलाने त्याला जकार्डसारखी भोकांची पट्टी जोडली. आता काटा फिरवणाराही नको झाला. यंत्र मोठे झाले की तुकड्यांची गरज संपते असे ज्यांना वाटते, त्यांनी शिफलीकडे पाहावे. त्याची चौकट अनेक मीटर लांब असते, पण तिच्यात शेकडो सुया एकाच वेळी एकसारख्याच हलतात, आणि सुयांमधले अंतर २७ मिलिमीटरच्या पटीत ठरलेले असते. कापड लांबलचक, नक्षी मात्र त्या अंतराची कैदी. आजच्या अनेक डोक्यांच्या यंत्रांतही प्रत्येक डोक्याच्या वाट्याला आपल्यापुरतीच जागा येते. नागोयाच्या ताजिमा कंपनीने १९६४ मध्ये अशी यंत्रे बाजारात आणली, तेव्हापासून उत्पादन वाढले ते एकच नक्षी अनेकदा काढून.

संगणकाची पायरी यानंतरची. १९८० च्या सुमारास सिडनीच्या विल्कॉम कंपनीने पडद्यावर नक्षी रचून टाक्यांत बदलणारी यंत्रणा आणली, आणि आज इंक/स्टिच सारखे मोफत सॉफ्टवेअरही तेच काम करते. आपल्याकडे या कामाला पंचिंगच म्हणतात, भोके पाडणे केव्हाच संपले तरी. जुन्या पट्टीचा वारसा फाइलच्या आतही आहे. ताजिमाच्या डीएसटी पद्धतीत टाका साठवला जातो तो मिलिमीटरच्या दहाव्या भागांत १, ३, ९, २७ आणि ८१ अशा मापांची बेरीज-वजाबाकी करून. त्यांची एकूण बेरीज १२१ होते, म्हणून एका उडीत सुई १२.१ मिलिमीटरपेक्षा लांब जाऊ शकत नाही. मोठ्या नक्षीला याहून जड पडतो तो क्षेत्रफळाचा हिशेब. ओळींमध्ये ०.४ मिलिमीटर अंतर आणि ४ मिलिमीटरचा टाका धरला, तर १० सेंटिमीटरचा चौरस भरायला ६,२५० टाके लागतात. त्याच्या बाजू दुप्पट केल्या की टाके होतात २५,०००. नुसत्या टाक्यांची फाइल ओढून मोठी केली आणि टाके नव्याने मोजले नाहीत, तर तेच ६,२५० टाके चौपट जागेत विखुरतात आणि खालचे कापड दिसू लागते. म्हणून मोठी करण्याची नक्षी मूळ आकारांच्या, दुरुस्त करता येईल अशा फाइलमध्ये असावी लागते. आकार वाढताना साटनच्या लांब टाक्यांचे रूपांतर भरीव टाक्यांत करावे लागते, कारण सेंटिमीटरभर सुटा धागा वापरताना अडकतो आणि तुटतो.

एवढे झाल्यावर तुकडे पाडणे येते, आणि संपूर्ण नक्षी कापडापासून सर्वांत दूर गेल्याचा परिणाम इथे दिसतो. पडद्यावर मोर अखंड आहे, कापड कोरे आहे, आणि कापडाला मोराची काहीच कल्पना नाही. पहिला तुकडा भरला की धाग्यांच्या ताणाने कापड टाक्यांच्या दिशेने आकसते. दुसरा तुकडा मात्र फाइलमध्ये न आकसलेल्या मापाने बसलेला असतो. सॉफ्टवेअर तुकड्यांच्या कडेला जुळणीच्या फुल्या घालून देते. दुसऱ्यांदा कापड ताणताना सुई त्या फुलीवर नेमकी उतरेल असे बसवायचे. तरीही मिलिमीटरभराची चूक डोळ्याला खटकते. आपोआप पाडलेला तुकडा बहुधा सरळ रेषेत कापला जातो, आणि ती रेष पिसाऱ्यातून आडवी गेली तर सांधा कायमचा दिसतो. जाणकार पंचिंग करणारा म्हणूनच रेषेने कापत नाही. तो पाकळी संपते तिथे, पीस दुसऱ्या पिसाखाली जाते तिथे, देठ पानाला मिळतो तिथे तोडतो, आणि खालच्या तुकड्याचे टाके वरच्याच्या खाली थोडे जाऊ देतो. रंगाच्या हद्दीवर धागा धाग्यात अडकवणारा येवल्याचा विणकर हाच निर्णय घेत आला आहे: तुटायचे कुठे आणि भेटायचे कसे.

विणकाम आणि भरतकाम ही वेगळी शास्त्रे आहेत, एकात कापडच नक्षी होते आणि दुसऱ्यात तयार कापडावर नक्षी चढते, तेव्हा ही तुलना ओढूनताणून आहे, असे कुणी म्हणेल. फरक खरा आहे, आणि तो माझ्याच बाजूने बोलतो. विणकरापुढे कापड आकसण्याचा प्रश्न दर ओळीला सुटतो. भरतकाम करणाऱ्याला तो आधी ओळखून फाइलमध्ये भरपाई द्यावी लागते. म्हणजे दुसऱ्याला पहिल्याचे ज्ञान अधिक हवे. दुसरा आक्षेप नव्या यंत्रांचा आहे. त्यांना कॅमेरा असतो, तो फुली शोधतो आणि तुकडा स्वतः वळवून बसवतो. मग हे कौशल्य कशाला? कॅमेरा सांधा कुठे आला आहे ते सांगतो. तो कुठे असायला हवा होता हे त्याला सांगता येत नाही. आणि ज्या शिलाईच्या दुकानांत एकच साधे यंत्र आहे, तिथला उपाय आजही कागदाचाच आहे: संपूर्ण नक्षी खऱ्या मापात छापायची, तुकड्यांच्या मध्यरेषा तिच्यावर काढायच्या, कागद कापडावर टाचायचा आणि मगच चौकट लावायची. खाक्याचेच हे दुसरे रूप, आणि उत्तम काम करणारे ते सोडत नाहीत.

याच इतिहासातून एका चालू वादाचाही निवाडा होतो. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी ब्लाउजवर किंवा साडीच्या पदरावर यंत्राने भरलेला मोर ‘पैठणी वर्क’ म्हणून विकला जातो. यंत्राने मोर भरणे कमीपणाचे नाही, चांगला भरलेला मोर हे कसबाचे काम आहे आणि त्याला त्याच्याच नावाने किंमत मिळावी. पैठणी हे नाव मात्र त्याचे नाही, कारण त्या नावाखाली विकली जाते ती तिल्लीने जुळवलेली दोन्ही बाजूंची सारखी नक्षी. पदर उलटून पाहणे ही खरेदीदाराची साधी आणि भरवशाची परीक्षा आहे.

येवल्यातल्या आणि मनमाडच्या आसपासच्या घरांत माळ्यावर, ट्रंकेत, मागाच्या खड्ड्याशेजारी जुने आलेख, पुठ्ठ्यांच्या माळा आणि भोके पाडलेले खाके पडलेले असतील, तर ते रद्दीत घालू नका. प्रत्येकावर कुणी काढला, कोणत्या साली, कोणत्या साडीसाठी, एवढे तीन शब्द लिहा आणि त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. भरतकामाचे वर्ग चालवणाऱ्यांनी सॉफ्टवेअरमध्ये तुकडे पाडायला शिकवण्याआधी विद्यार्थ्यांना एकदा येवल्याच्या मागापुढे बसवावे आणि काठ अंगाला कसा मिळतो ते जवळून पाहायला लावावे. जे आज नक्षी रचतात, त्यांनी टाक्यांच्या फाइलबरोबर मूळ, दुरुस्त करता येणारी फाइल आणि खऱ्या मापाचा छापील कागदही जपावा. यंत्र बदलले की टाक्यांची फाइल निरुपयोगी होऊ शकते. कागदावरची पूर्ण नक्षी कुठल्याही चौकटीत पुन्हा उतरवता येते.